लाल मणी, काळा ठिपका

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या, की डहाणूपासून बोर्डीपर्यंतच्या आमच्या किनाऱ्याकाठच्या वाटा मोठ्या देखण्या दिसू लागतात. पावसात माजलेलं गवत पिवळं पडून आडवं झालेलं असतं, सुरूच्या बनातून सकाळी गार वारा येत असतो आणि चिकूच्या वाड्यांच्या कुंपणांवर चढलेल्या वेलींच्या शेंगा तडकायला लागतात. या तडकलेल्या शेंगांतून लालभडक, गुळगुळीत, एका टोकाला काळा टिळा लावलेले मणी डोकावतात. याच त्या गुंजा. आमच्या चिखल्यात शाळेत येणाऱ्या मुलांचे खिसे या दिवसांत गुंजांनी भरलेले असतात. कुणाच्या कंपासपेटीत, कुणाच्या रुमालाच्या गाठीत. मुलींनी तर त्यांच्या माळा करायचे बेतही आखलेले असतात.

मैत्रिणींनो, गुंज आपल्याला परकी नाही. पूर्वी सोनार तिच्याच वजनाने सोनं तोलत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हा हिशेब आपल्या आज्यांना तोंडपाठ असे. आजच्या मापात सांगायचं तर एक गुंज म्हणजे साधारण १२१ मिलिग्रॅम. गुंजेचा पाला गोड लागतो, म्हणून विड्यातही घालतात. सोन्याच्या तराजूत बसलेली आणि विड्यात मानाने गेलेली ही गुंज घातक असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं! गुंजेच्या त्या देखण्या बीमध्ये ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं. बी अखंड गिळली गेली, तर तिच्या टणक कवचामुळे बहुतेक वेळा ती तशीच बाहेर पडते. परंतु दातांनी फोडली, चावली किंवा माळ ओवण्यासाठी सुईने भोक पाडलेली बी पोटात गेली, तर मात्र प्रसंग जिवावर बेतू शकतो. त्यातून आणखी फसवी गोष्ट अशी, की त्रास लगेच सुरू होत नाही. काही तास, कधी एखादा दिवससुद्धा मूल हसत-खेळत असतं आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. या विषावर उतारा असं औषध नाही. डॉक्टर सलाईन लावून आणि लक्षणांवर उपचार करून शरीराला सांभाळतात. म्हणूनच वेळेला फार किंमत आहे.

यात फक्त आपल्याच गावाकडच्या मुलांची फसगत होते, असं समजू नका. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल इथे ‘ईडन प्रोजेक्ट’ नावाचं जगप्रसिद्ध उद्यान आहे. झाडाझुडपांची माहिती देणारी ही मोठी संस्था. त्यांच्याच दुकानात पेरू देशातून आलेली लाल-काळ्या मण्यांची ब्रेसलेटं विकली जात होती. ते मणी म्हणजे विषारी गुंजा आहेत, हे लक्षात आल्यावर २०११ साली सुमारे २,८०० ब्रेसलेटं परत मागवावी लागली. जिथे झाडांचे जाणकार बसलेले, तिथे ही गत. मग आठ-नऊ वर्षांच्या पोरींनी माळ ओवली, तर त्यांना काय बोल लावायचा?

कुंपणावरची इतर मंडळी

गुंज एकटी नाही. आपल्या अंगणात आणि कुंपणावर तिची बरीच भावंडं नांदत असतात. त्यांची एकदा ओळख करून घेऊ.

पहिला मोगली एरंड. कुणी त्याला चंद्रज्योत म्हणतात. हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं झाड. फांदी खोचली की जगते, पाणी मागत नाही आणि मुख्य म्हणजे शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. म्हणून वाडीच्या कुंपणाला ते सर्रास लावतात. मधल्या काळात त्याच्या बियांपासून डिझेलसारखं इंधन काढायचं म्हणून देशभर त्याची लागवडही झाली होती. मुलांचं आणि या झाडाचं भलतंच सख्य! देठ मोडून त्याच्या चिकाचे फुगे उडवायचे, हा खेळ आपल्यापैकी पुष्कळजणींनी लहानपणी पाहिला असेल. पण फळं वाळली, की आतल्या काळ्या बियांचा पांढरा गर शेंगदाण्यासारखा लागतो, आणि इथेच घात होतो. दोन-चार बिया पोटात गेल्या की घशात जळजळ, पोटात कळा, उलट्या आणि जुलाब. आपल्या महाराष्ट्रात शाळकरी मुलांना एकदम विषबाधा झाल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांत हे नाव पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुलं बरी होतात. पण अंगातलं पाणी कमी होऊन लहानगी पोरं पार गळून जातात.

दुसरा साधा एरंड. याच्या ठिपकेदार बिया इतक्या नक्षीदार, की हातात घेऊन बघत राहावंसं वाटतं. एरंडेल आपण औषध म्हणून घेतो, कारण तेल काढताना विष पेंडीत राहतं. मात्र बी चावून खाल्ली, तर आतलं रायसिन हे विष अंगात भिनतं.

तिसरी पिवळी कण्हेर. तिच्या हिरव्या तिकोनी फळातली टणक बी म्हणजे बिट्टी. मुलं खेळायला घेतात. देवाला पिवळी फुलं वाहायला म्हणून हे झाड दारात असतंच. पण त्याची बी, साल, पान, चीक सगळंच विषारी आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. लाल-गुलाबी कण्हेरीचंही तसंच. कण्हेरीची फुलं ज्या भांड्यात ठेवाल, ते पाणीसुद्धा पिण्यात जाता कामा नये. सहलीला गेल्यावर कण्हेरीच्या काड्यांवर काही खोवून भाजू नये, की दातणालाही त्या घेऊ नयेत. २०२४ साली केरळात एक तरुण परिचारिका नोकरीसाठी परदेशी निघाली होती. घराबाहेर फोनवर बोलता बोलता तिने कण्हेरीचं पान-फूल सहज तोंडात टाकलं आणि पुढे तिचा मृत्यू झाला. कारण हेच असावं, असा डॉक्टरांचा संशय होता. त्यानंतर त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम् मंडळांनी नैवेद्यात आणि प्रसादात कण्हेरीची फुलं वापरायला बंदी केली. आपणही प्रसादाच्या ताटात फुलं घालताना तेवढं भान ठेवायला हवं.

चौथी कळलावी. श्रावण-भाद्रपदात पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी फुलणारी ही वेल इतकी सुंदर, की तामिळनाडूने तिला राज्यफुलाचा मान दिला आहे. पण तिचा कंद कुणी रताळं किंवा रानातला खायचा कंद समजून उकडला, तर प्राणाशी गाठ! आणि पाचवा धोतरा. महादेवाला वाहतो म्हणून त्याला आपण हात जोडतो, पण त्याच्या बिया पोटात गेल्या तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस असंबद्ध बडबडू लागतो.

एका कुंपणाची गोष्ट

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या आळीतल्या एका वाडीत कामाला असलेल्या कुटुंबांच्या चार मुलांनी दुपारी कुंपणावरचा मोगली एरंड खाल्ला. सर्वांत धाकटा सहा वर्षांचा. मोठी माणसं वाडीत चिकू उतरवत होती. संध्याकाळी एकाला उलटी झाली, मग दुसऱ्याला. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं शिळं खाल्लं असेल. तेवढ्यात आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या वारली मावशी तिथे पोहोचल्या. त्यांनी धाकट्याची घट्ट मिटलेली मूठ उघडली. आत काळी टरफलं होती. मावशींनी आरडाओरडा केला नाही. कुंपणाशी जाऊन फळासकट एक डहाळी मोडून आणली आणि म्हणाल्या, “बाई, हे डॉक्टरला दाखवा. आणि बाकीच्या पोरांनाही घ्या. ज्याला अजून काही होत नाही, त्याला आधी घ्या.”

शेजारच्या वहिनींनी गाडी काढली. एकीने घरी राहिलेल्या तान्ह्या भावंडांना ताब्यात घेतलं, दुसरीने मुलांच्या आयांना धीर दिला. डहाळी बघताच डॉक्टरांनी विचारपूस करण्यात वेळ घालवला नाही. दोन दिवसांनी चारही मुलं घरी आली. ज्याला काहीच होत नव्हतं, त्याला वाटेत गाडीतच उलट्या सुरू झाल्या होत्या. मावशींचं म्हणणं किती खरं होतं ते तेव्हा पटलं.

प्रश्न पुढेच होता. ते कुंपण तसंच उभं होतं. वाडीवाल्या काकांकडे आम्ही तिघी-चौघी गेलो. काका मनाने वाईट नाहीत. पण ते म्हणाले, “जागा माझी, कुंपण माझं. शेळ्या शिरल्या तर एका दिवसात रोपं फस्त करतात. हे झाड शेळी खात नाही, म्हणून तर लावलं. मुलांना ज्याने त्याने आवरावं.”

काकूही म्हणाल्या, “आमची नातवंडं नाही हो असलं काही तोंडात घालत.”

यावर मावशी शांतपणे म्हणाल्या, “त्यांच्या पोटात दुपारचं जेवण असतं, काकू.”

ओटीवर कुणी काही बोललं नाही. मला वाटतं, त्या एका वाक्यात सगळं आलं. आपल्या मुलांना आपण खाऊ देतो, म्हणून त्यांना कुंपणावरच्या बिया नुसत्या शोभेच्या दिसतात. ज्याला चार वाजता कडकडून भूक लागलेली असते, त्याला त्या शेंगदाण्यासारख्या लागतात. एकच झाड, पण एकाला शोभा आणि दुसऱ्याला घात. कुंपण ज्याचं त्याचं असतं हे खरंच. पण त्याला लगडलेली फळं वाटेवरच्या सगळ्यांच्या हाताशी येतात.

काकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेळ्यांचं भय खरं आहे आणि एका रात्रीत कुंपण तोडा, असं म्हणणं सोपं असलं तरी ते शहाणपणाचं नाही. मग मार्ग निघाला तो मावशींच्याच सांगण्यावरून. त्या हंगामात फक्त फळं तेवढी काढून टाकायची. पाऊस सुरू झाला की कुंपणाच्या आतल्या बाजूने निरगुडीच्या फांद्या लावायच्या, मधे मधे अडुळसा. या दोघांनाही शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. निरगुडीचा पाला शेकायला आणि अडुळसा खोकल्याला, असा घरात उपयोग तो वेगळाच. ही झाडं धरली, की मग मोगली एरंड एकेक करून मुळासकट काढायचा. निरगुडीच्या फांद्या आम्ही आमच्या कुंपणाच्या दिल्या, लावायला आळीतल्या मुली आल्या. या पावसात निरगुडी कमरेइतकी झाली आणि निम्मा मोगली एरंड निघाला. काकूंनी तर आपण होऊन आणखी एक गोष्ट सुरू केली. चिकू उतरवायचे दिवस असले, की दुपारी चार वाजता कामावरच्या बायकांच्या मुलांना ओटीवर बोलावून मूठ मूठ चणे आणि पिकलेले चिकू देतात. विषावरचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच ठरला, असं मला वाटतं.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. कुंपणासाठी शेर लावायचा मोह होतो, कारण तोही झटपट वाढतो. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना मोठी इजा होते. मुलांची ये-जा असेल तिथे शेर नकोच. आणि विषारी झाडं तोडताना हाताला कापड किंवा मोजे बांधा, चीक डोळ्यांना लागू देऊ नका, कण्हेरीच्या फांद्या जाळू नका. बिया खोल खड्ड्यात पुरा. चीक डोळ्यात गेलाच, तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

ज्यांना रान कळतं

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपण शिकल्या-सवरल्या बायका पुस्तकात वाचून या झाडांना भितो. आमच्या भागातल्या वारली बायका त्यांच्याबरोबर जगतात. पावसाच्या तोंडावर बाजारात त्या शेवळं घेऊन येतात, तेव्हा सोबत काकडंही देतात. का? कारण नुसती शेवळं खाल्ली तर घसा खाजून हैराण होतो. काकडाच्या आंबटपणाने ती खाज मरते. काही रानकंद तर काप करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा गेल्यावरच खायचे असतात. हे सगळं शास्त्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेलं आहे. म्हणून नुसता फोटो बघून किंवा कुठे तरी ऐकून रानभाजी खुडायला जाऊ नका. विकणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि ‘कशी करायची’ हे तिलाच विचारा. तिलाही बरं वाटेल, आणि आपल्यालाही नवं शिकायला मिळेल.

या किनाऱ्याला तर या विचाराचा वारसाच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं न आणता पानं, फुलं, बिया, शंख-शिंपले यांतून मुलांना शिकवायचं, हे त्यांनी करून दाखवलं. शाळेत अर्धा दिवस शिकवताना मीही मुलांना बियाच मोजायला देते. त्यासाठी चिंचोके आणि सागरगोटे झकास. गुंजा मुलांनी आणल्या तर रागावून फेकून देत नाही. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते, वजनाची गंमत सांगते आणि ‘बघायची, चावायची नाही, ओवायची नाही’ हा नियम सगळ्यांकडून म्हणवून घेते. मुलांना नुसतं ‘हात लावू नको’ म्हटलं, की हात तिकडेच जातो. कारण सांगितलं तर तीच मुलं धाकट्यांना सांगत फिरतात.

आपल्या घरातल्या गुंजा

झाडांचंच कशाला? आपल्या घरातही अशा गुंजा आहेतच. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेलं रॉकेल किंवा फिनेल, कपड्यांच्या घडीतल्या पेपरमिंटसारख्या डांबराच्या गोळ्या, आजोबांच्या रंगीत गोळ्यांची पाकिटं, उंदरांसाठी पावाला फासलेलं औषध आणि आजकालच्या खेळण्यांतली, रिमोटमधली नाण्यासारखी चपटी बॅटरी. ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतली त्वचा भाजू शकते. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एका द्रव्याची उणीव असते. त्यांनी डांबराची गोळी खाल्ली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

“आमच्याकडे कुठे लहान मूल आहे?” असं पुष्कळजणी म्हणतात. पण शेजारच्या घरातलं रांगतं बाळ आपल्याकडे येतंच ना? कौतुकाने आपणच त्याला कडेवर घेऊन येतो. तेव्हा ज्या घरात मूल नाही, त्या घरानेही खालचे दोन फडताळ रिकामे ठेवावेत. विषारी वस्तू खाण्याच्या बाटलीत कधीच भरू नयेत. औषध देताना मुलाला ‘चॉकलेट आहे’ असं सांगू नये, आणि पाहुण्या आजींची पर्स पलंगावर उघडी राहिली असेल तर अदबीने उचलून वर ठेवावी.

आणि आमचा समुद्र? हिवाळ्यातला डहाणूचा समुद्र पाहिलात तर ताटात पाणी ठेवावं तसा निवांत दिसतो. १३ जानेवारी २०१८ रोजी अशाच समुद्रावर डहाणूच्या पारनाक्याजवळच्या किनाऱ्यावरून कॉलेजची मुलं-मुली नावेतून फेरी मारायला गेली. चाळीसच्या आसपास जण एका नावेत, अंगात जीवरक्षक जाकिटं नाहीत. नाव उलटली आणि तीन मुली गेल्या. बाकीच्यांना वाचवायला किनाऱ्यावरचे मच्छीमार धावले. ज्यांचं त्या मुलांशी काही नातं नव्हतं, तेच आधी पाण्यात उतरले. त्या दिवसापासून इथली कुठलीही आई ‘जाकीट आहे का?’ हा प्रश्न विचारायला लाजत नाही. तुम्ही सुट्टीत मुलांना घेऊन कुठल्याही किनाऱ्यावर गेलात, तर नावेत पाय ठेवण्याआधी तो विचारा. जाकीट नसेल तर मुलं रडली तरी चालतील, फेरी नको.

प्रसंग आलाच तर

हा भाग कापून स्वयंपाकघरात लावून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

मुलाने विषारी बी किंवा पान खाल्लं असं कळलं, तर तोंडात बोट घालून तोंडात राहिलेले तुकडे तेवढे काढा आणि चूळ भरायला लावा. उलटी मुद्दाम करवू नका. मिठाचं पाणी पाजणं हा आपल्याकडचा जुना उपाय. तो मुलांना घातक ठरू शकतो. रॉकेल पोटात गेलं असेल तर उलटी करवणं फारच धोक्याचं, कारण ते फुप्फुसात उतरतं. तूप, दूध, लिंबू असले प्रयोगही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मूल गुंगीत असेल तर त्याला डाव्या कुशीवर निजवा.

काय खाल्लं, किती वाजता, साधारण किती आणि सोबत कोण कोण होतं, हे विचारून घ्या. झाडाची डहाळी, बी, टरफल, औषधाचं पाकीट, जे सापडेल ते बरोबर न्या. सोबतच्या सगळ्या मुलांना न्या, ठणठणीत दिसणाऱ्यालाही. मुलाला रागावू नका. रागावलं की मूल खरं सांगत नाही, आणि त्या वेळी खरं कळणं हेच औषध असतं.

१०८ नंबरवर रुग्णवाहिका बोलावता येते. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्यांच्या १८०० ११६ ११७ या क्रमांकावर फोनला पैसे पडत नाहीत. तिथून डॉक्टरांनाही सल्ला मिळतो. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपजिल्हा रुग्णालय यांचे फोन आधीच लिहून ठेवा. आणि त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी लिहा. आळीत रात्री-अपरात्री कुणाची गाडी मिळेल, कुणाकडे लहान मुलं सोपवता येतील आणि झाडा-पाल्याची जाण कुणाला आहे. आमच्या कागदावर तिसऱ्या जागी मावशींचं नाव आहे.

कुणी म्हणेल, शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल बोलायचं कसं? उगाच वाईटपणा कशाला घ्या? मैत्रिणींनो, सांगायची एक रीत असते. ‘तुमचं झाड तोडा’ म्हणत गेलात, तर दार बंद होईल. त्यापेक्षा आधी स्वतःच्या अंगणातून हिंडा. आपल्याच दारची पिवळी कण्हेर मुलांच्या हाताला लागणार नाही अशी छाटा, खाली पडलेल्या बिट्ट्या रोज झाडून काढा. मग शेजारणीला बोलवा आणि आपण काय केलं ते दाखवा. जमलं तर तिच्यासाठी निरगुडीच्या चार फांद्याही काढून ठेवा. सणावाराला वाटीभर भाजी आणि ताटभर फराळ आपण एकमेकींकडे पाठवतोच. तो शेजारधर्म आपल्याला आईने शिकवला आहे. त्याच वाटीबरोबर एवढी सावधगिरीही पाठवायला काय हरकत आहे?

गुंजांच्या शेंगा माघापर्यंत तडकत राहतील. तेव्हा या रविवारी दुपारची भांडी झाली, की शेजारणीला हाक मारा आणि दोघी मिळून कुंपणाभोवती एक चक्कर मारून या. आणि हो, जाताना मुलांसाठी मूठभर शेंगदाणे बरोबर घ्यायला विसरू नका!